उजवा हात, सहा आठवडे बंद

१

भर समुद्रात, सहलीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळात माझ्या धाकट्या बहिणीचं प्लास्टर चोरीला गेलं.

हातावरचं नव्हे. हातावरून ते त्याच सकाळी मीच उतरवलं होतं. दंडापासून तळव्यापर्यंतचं, कोपरात काटकोनात वाकलेलं, पोकळ पांढरं प्लास्टर. टॉवेलात गुंडाळून आम्ही ते तिच्या केबिनमधल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं. अडीच वाजता जेवून परत आलो, तर टॉवेल होता. चार घड्या घालून नीट ठेवलेला. प्लास्टर नव्हतं.

जहाजावरचा सुरक्षा अधिकारी आला. त्याने वही उघडली, पेन काढलं.

"वस्तूचं वर्णन?"

"जुनं प्लास्टर," मी म्हणाले.

"कशाचं?"

"हाताचं. मोडलेल्या."

त्याने पेनाला टोपण लावलं. "बाई, माझ्याकडे हार हरवल्याच्या तक्रारी आल्या, कवळ्या हरवल्याच्या आल्या, एकीचा तर नवरा हरवला होता, तो पत्त्यांच्या टेबलावर सापडला. कचरा चोरीला गेल्याची तक्रार मात्र पहिलीच."

मी हसले नाही, तेव्हा तोही ओशाळला. पलंगाच्या कडेवर माझी बहीण बसली होती. सहा आठवड्यांनी मोकळा झालेला उजवा हात वाळक्या शेंगेसारखा बारीक झाला होता. दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा तिने तो डाव्या हाताने मांडीवर धरून ठेवला होता.

अधिकारी गेल्यावर ती म्हणाली, "ताई, तू शोध. तुला सापडेल. पण कुणाला चोर म्हणू नकोस. आणि हे बघ, सगळं नाही मिळालं तरी चालेल. नुसती पुढची बाजू मिळाली तरी मला पुरे."

तिचं हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा अर्थ लागायला मला बावीस वर्षं लागली.

२

तिचा नवरा दुकानांचे बोर्ड रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. लाकडावर, पत्र्यावर रंगवायचे आणि सगळ्यात सुंदर म्हणजे काचेवर. दुकानाच्या काचेवरचं नाव आतल्या बाजूने रंगवतात, म्हणजे पावसापाण्याने जात नाही. पण रस्त्यावरून ते सरळ वाचता यावं म्हणून आतून उलटं काढावं लागतं. पेंटर उलटं अक्षर इतक्या सहज काढायचे की सुलटं काढतानाच जास्त विचार करतात, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

दुकानात त्यांना रंगाचा डबा देताना बहिणीचं स्टूल घसरलं आणि उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली. मी हाडांच्या वॉर्डात प्लास्टरच्या खोलीत एकतीस वर्षं काढून नुकतीच निवृत्त झाले होते. तिला माझ्याच जुन्या खोलीत नेलं आणि प्लास्टरही मीच घातलं. ओल्या प्लास्टरवर जांभळ्या पेन्सिलीने दोन तारखा लिहायच्या, घातल्याची आणि काढायची, ही आमची शिस्त. पेंटरनी माझं अक्षर बघून कपाळाला हात लावला.

"ताई, माझ्या बायकोच्या हातावर असला बोर्ड? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी बघते तर पुढच्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, काळ्याभोर रंगात दुकानाच्या पाटीसारखी अक्षरं: "उजवा हात. सहा आठवडे बंद राहील. चौकशी शेजारी डाव्या हाताकडे करावी."

त्या दिवसांत स्वयंपाक, धुणी, सगळं पेंटरच करायचे. रोज सकाळी तिला आरशासमोर बसवून तिची वेणीही घालायचे. दहाला घातलेली वेणी बाराला सुटायला लागायची.

"पाट्या रंगवणाऱ्याने केसांना हात लावू नये," ती म्हणायची.

"तक्रार लेखी द्यावी," ते म्हणायचे. "उजव्या हाताने."

बाराव्या दिवशी सकाळी वेणी घालून झाली, ते चहाला बसले आणि कप तोंडापर्यंत गेलाच नाही.

हृदय. कुणाला काही कल्पनाच नव्हती, असं आम्ही सगळे म्हणत राहिलो.

तिच्या डोक्यावरची ती शेवटची सैल वेणी तिने चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि दुपारी बाहेर आली ती केस मानेपर्यंत कापून. एका हाताने वेणी घालता येत नाही, म्हणाली. मला ते पटलं.

जहाजाची सहल पेंटरनी वर्षभर आधी ठरवली होती. रद्द करू या, असं सगळे म्हणाले. हात प्लास्टरात, घरात दुःख, आणि बोटीवर कसली जातेस? पण ती ऐकेना. "त्यांनी केबिनचा नंबर पाठ केला होता," एवढंच म्हणायची. शेवटी तिच्याबरोबर तिचा मुलगा, सून आणि मी निघालो. पेंटरच्या जागी त्यांचे धाकटे भाऊ आले, दुकानातले भागीदार. त्यांना सगळे काकाच म्हणत.

प्लास्टर काढायची तारीख सहलीच्या तिसऱ्या दिवशी येत होती. आधी काढायला ती तयार नव्हती. माझ्या जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली तारीख ती पहिल्यांदाच इतकी काटेकोर पाळत होती.

३

जहाजाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. करवत होती, पण त्याने शेवटचं प्लास्टर कापल्याला पाच वर्षं झाली होती.

"मग बाजूला व्हा," मी म्हणाले. तो आनंदाने झाला.

असं प्लास्टर दोन्ही कडांनी कापून दोन शिंपले करणं सोपं असतं. मी आतल्या बाजूने एकच चीर दिली आणि हळूहळू फाकवून हात बाहेर काढला. पेंटरच्या अक्षराचा एक कानाही तुटू द्यायचा नव्हता. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, आईचा खांदा धरून उभा होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, अबोल, आईवेडा. काकांना दवाखान्याचा वास सहन होत नाही, ते दाराबाहेरच फेऱ्या मारत होते. सून बोट लागून पहिल्या दिवसापासून माझ्या केबिनमध्ये आडवी होती.

प्लास्टर उचललं तेव्हा मागची बाजू मी प्रथमच नीट बघितली. ती बाजू एरवी तिच्या शालीखाली झाकलेली असायची. दंडाच्या मागे, कोपराच्या वर, बारीक काळी नक्षी होती. आडव्या रेघा आणि त्यांना लोंबणारी वळणं.

"हे काय गं?"

"वेलबुट्टी," बहीण म्हणाली. "ते गेले त्याच्या आदल्या दिवशी काढली. मागे बसून दोन तास गुदगुल्या करत होते. काय काढताय विचारलं, तर म्हणाले वेलबुट्टी." हे सांगताना ती खिडकीतून समुद्राकडे बघत होती.

भाच्याने प्लास्टर माझ्या हातातून घेतलं. जरा जास्तच वेळ धरून उभा राहिला.

"अरे, दे की," मी म्हणाले. "बाळ आहे का ते?"

त्याने टॉवेल पसरला, त्यात ते गुंडाळलं आणि आईच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

एक वाजता आम्ही चौघं वरच्या मजल्यावर जेवायला गेलो. बहीण आणि मी अडीचपर्यंत टेबलावरून हललो नाही. पहिल्यांदा उजव्या हातात चमचा धरायचा होता, तिला वेळ लागत होता. भाचा दीडच्या सुमाराला बायकोसाठी सूप घेऊन उठला, तो बऱ्याच वेळाने परत आला. काका त्याच्याही आधी, हवा खायला जातो म्हणून गेले.

तिच्या केबिनला कुलूप नसायचंच. डाव्या हाताने किल्ली फिरत नाही म्हणून ती दारात चप्पल अडकवून ठेवायची. म्हणजे कुणीही आत जाऊ शकत होतं.

४

पहिला संशय केबिन झाडणाऱ्या बाईवर गेला. जुनं प्लास्टर बघून कुणीही टाकूनच देईल. मी तिला विचारलं आणि ती भडकलीच.

"अहो, मी तुटका कंगवासुद्धा विचारल्याशिवाय टाकत नाही! आणि टाकायचं असतं तर टॉवेलाची घडी घातली असती का मी? टॉवेल धुवायला गेला असता."

हे खरं होतं. टॉवेलाची घडी घालणारा माणूस घाईत नव्हता आणि चोरीला सरावलेलाही नव्हता. ज्याला आईने लहानपणी घड्या घालायला लावलेलं असतं, अशा माणसाची ती घडी होती. पण असे आमच्यात सगळेच होते.

"आणि माझ्यावर आळ घेताय," ती बाई पुढे म्हणाली, "तर इकडे या. बाराला मी बाथरूमचा आरसा लख्ख पुसला होता. आता बघा काय करून ठेवलंय!"

आरशाखालच्या काचेच्या फळीवर पांढरी भुकटी सांडली होती. आरशावर, साधारण छातीच्या उंचीला, एक पांढरा डाग घासल्यासारखा उमटला होता.

"दात घासायची पावडर असेल," बहीण दारातून म्हणाली.

मी चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. एकतीस वर्षं जी माझ्या नखांत, केसांत, डब्यातल्या जेवणात होती, ती मी ओळखणार नाही?

प्लास्टर घेऊन कुणीतरी आरशासमोर उभं राहिलं होतं. आणि ते इतकं जवळ नेलं होतं की ते आरशाला टेकलं.

मोडक्या हाताच्या जुन्या प्लास्टरला आरसा कोण दाखवतं?

५

सून माझ्या केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मावशी, मला माहितीये, तुम्हाला मीच वाटणार," ती न वळताच म्हणाली. "त्या दिवशी मी म्हटलं होतं ना, ते मळकं प्लास्टर घरी कुठे ठेवायचं म्हणून. आईंना लागलं असणार. पण शपथेवर सांगते, मी या पलंगावरून बाथरूमपर्यंत जाते ती भिंत धरून."

"तुला कुणी काही म्हणत नाहीये गं. जेवलीस का?"

"सूप आणलं होतं ह्यांनी. गारढोण. साय धरलेली. एक घोट घेतला आणि ठेवून दिलं."

मी त्या वाटीकडे बघत राहिले. वर जेवणाच्या दालनात सूप वाफाळतं वाढायचे. मी स्वतः फुंकून प्यायले होते. जिना उतरून माझ्या केबिनपर्यंत यायला फार तर तीन मिनिटं लागतात. तीन मिनिटांत साय धरत नाही.

पण मी मनातल्या मनात ते बाजूला सारलं. मला चोर काकाच हवे होते, खरं सांगायचं तर. भावाशी त्यांचं वर्षभर धड बोलणं नव्हतं. दुकानाच्या नव्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून बिनसलं होतं आणि मिटायच्या आत भाऊ गेला. शिवाय त्यांच्या कोटाच्या बाहीला पांढरं लागलेलं मला दिसलं होतं.

काका डेकवर कठड्याला टेकून उभे होते. बाहीकडे मी बोट दाखवलं.

"हे? कठड्याला नवा रंग दिलाय आणि पाटी लावली नाही. ओला रंग, हात लावू नये. एवढं लिहायला काय जातं यांचं?" मग त्यांचा चेहरा बदलला. "ताई, तुम्हाला वाटतं मी नेलं? मी वहिनींकडे मागणारच होतो. निदान एकदा हातात घेऊन बघायचं होतं मला. दादाचं शेवटचं काम. पण तोंड नव्हतं मागायला."

"मागची वेलबुट्टीसुद्धा बघितली नाहीत तुम्ही?"

"कसली वेलबुट्टी?" काका पहिल्यांदाच हसले. "दादाने? छे! उभ्या जन्मात त्याने एक वेल काढली नाही. म्हणायचा, अक्षर धड असलं की नक्षी कशाला लागते? तुम्ही काहीतरी चुकीचं बघितलंत."

मी कठडा धरला. ओला होता, तरी धरला.

आडव्या रेघा. त्यांना लोंबणारी वळणं. ती नक्षी नव्हती, अक्षरं होती, काचेवर आतून काढतात तशी उलटी. म्हणून आरसा!

"काका," मी विचारलं, "उलटं अक्षर वाचायला तुम्हाला आरसा लागतो?"

"मला? तीस वर्षं काचा रंगवल्यात मी. मला सुलटं वाचायला चष्मा लागतो, उलटं तसंच वाचतो."

म्हणजे काका नव्हेत. केबिन झाडणारी बाई नव्हे, सूनही नव्हे. त्या दोघींना ती अक्षरं आहेत हेच कळलं नसतं, मला तरी कुठे कळलं होतं? बहीण तर पूर्ण वेळ माझ्यासमोर होती. आरशासमोर उभा राहिलेला माणूस ते लिखाण आहे हे ओळखत होता, पण उलटं वाचू शकत नव्हता. बापाच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला, पण बापाचा कुंचला कधी हातात न घेतलेला.

आणि त्याच्या हातातलं सूप गार होत होतं.

६

तो सगळ्यात मागच्या डेकवर सापडला, जिथे जहाजामागे पाण्याचा पांढरा पट्टा लांबत जातो. ऊन कलायला लागलं होतं. बाकावर त्याच्या शेजारी पहिल्या दिवशी कवायतीला दिलेलं नारिंगी रंगाचं जीवरक्षक जाकीट होतं, आत काहीतरी गुंडाळल्यासारखं फुगलेलं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"टाकलंस?"

तो दचकला नाही. जाकिटावरून हात फिरवत म्हणाला, "दोनदा उठलो टाकायला. हात वर जातच नाही, मावशी. बाबांचं अक्षर आहे."

"काय लिहिलंय?"

त्याने खिशातून कागद काढला. आरशात बघून उतरवून घेतलं होतं, पोरगा शिक्षक तो शिक्षकच. मी वाचलं:

"डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. मी म्हटलं, आधी हिचा हात सुटू दे. पोराला माहीत आहे, त्याला काही बोलू नकोस. वेणी सैल होते, माफ कर."

मी कागदाची घडी घालून तो माझ्या पिशवीत ठेवला.

"हात मोडल्यावर आठवड्याने त्यांच्या छातीत दुखलं," तो म्हणाला. "मी घेऊन गेलो डॉक्टरांकडे. एक दिवसही थांबू नका म्हणाले. बाबा हसले. म्हणाले, माझी बायको एका हाताची झालीय, मी झोपलो तर तिची वेणी कोण घालणार? मी भांडलो, मावशी. पण पुरेसं नाही भांडलो. त्यांनी शपथ घातली, आईला मी सांगेन, माझ्या पद्धतीने. तू मध्ये पडू नकोस. मी नाही पडलो." त्याने जाकीट जवळ ओढलं. "आज तुम्ही ते उचललंत आणि मला कळलं, ही त्यांची पद्धत. आई हे वाचेल. तिला वाटेल, माझ्या हातामुळे ते गेले. आणि दुसरं वाटेल की हे पोरगं सगळं जाणून गप्प बसलं. ती मला माफही करेल, आणि तेच मला सहन होणार नाही."

"पंचेचाळीस मिनिटांत एवढं सगळं केलंस होय रे?"

"आरशासमोर वीस मिनिटं गेली. मला धड दिसतच नव्हतं." मग एकदम लहान मुलासारखा म्हणाला, "सूप गार झालं, ती चिडली असेल."

मी चोर पकडला होता. पुढे काय करायचं, हे मात्र कुठल्याही वॉर्डात शिकवलेलं नव्हतं.

७

दवाखान्यातल्या डॉक्टरने मला पुन्हा करवत दिली आणि काही विचारलं नाही. सकाळी जे मी टाळलं होतं, ते दुपारी केलं. दुसरी चीर दिली. प्लास्टरचे दोन शिंपले झाले. पुढचा, पाटीचा. आणि मागचा.

"मागचा टाकू नकोस," मी भाच्याला म्हणाले. "माझ्याकडे राहू दे."

संध्याकाळी मी पुढचा शिंपला बहिणीच्या मांडीवर ठेवला. थाप तयार होती. जेवणाच्या वेळात दवाखान्यातल्या एका कामगाराने केबिनमधून ते परत नेलं, टाकायच्या वस्तूंत मोडतोड झाली, मागच्या बाजूचा भुगा झाला. आरशाजवळ भुकटी त्यानेच सांडली असेल. चांगली थाप नव्हती. सुरक्षा अधिकाऱ्यानेही ती मान्य केली नसती.

बहिणीने मान्य केली. "मागे काय, वेलबुट्टीच होती," ती म्हणाली. तिने उजव्या हाताचं अशक्त बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. बंद राहील. चौकशी शेजारी.

भाचा दारात उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ, आणि म्हणाली, "ये रे. असा उभा का? जेवलास का तू दुपारी?"

तो आला आणि तिच्या पायाशी बसला. तिने नव्याने मिळालेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताला वजन पेलवत नव्हतं, तरी ठेवला. उरलेले चार दिवस आम्ही समुद्र बघितला. काकांनी डेकच्या कठड्यासाठी ओल्या रंगाची पाटी करून दिली, त्यावर बहीण प्रथमच हसली. परतल्यावर काकांनी दुकानाच्या नव्या पाटीवर भावाचंच नाव आधी घातलं.

८

बहीण गेल्या हिवाळ्यात गेली. तिचं कपाट आवरायला भाच्याने मला बोलावलं. तोही आता पन्नाशी ओलांडलेला, केस विरळ झालेले. सून खाली चहा करत होती.

सगळ्यात वरच्या फळीवर, टॉवेलात, तो पुढचा शिंपला होता. बावीस वर्षांत रंग जराही उतरला नव्हता. आणि त्याच्या आत, हात असतो तिथे, एक घडी घातलेला कागद.

मी उघडला. तीच चार वाक्यं. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा.

"हा माझाच कागद," भाचा पांढराफटक पडत म्हणाला. "बोटीवरचा. तिला सापडला की काय?"

"तुझा माझ्याकडे आहे. आणि हे तुझं अक्षर नाही, नीट बघ."

वाकडीतिकडी, पहिलीतल्या मुलाची असावीत तशी अक्षरं होती. रेघ कुठे दाबलेली, कुठे निसटलेली. आमची ही बाई मोत्यासारखं लिहायची, दुकानातल्या सगळ्या चिठ्ठ्या तीच लिहायची. पण उजव्या हाताने. डाव्या हाताने तिने जन्मात फक्त सहा आठवडे लिहिलं होतं.

प्लास्टर काढायच्या आधीचे सहा आठवडे.

मी खाली बसले. माझ्या पिशवीत मागचा शिंपला होता. त्या दिवशी का कोण जाणे, मी तो तिच्या घरी परत न्यायचा ठरवला होता. भाच्याला म्हटलं, "हात पुढे कर." त्याच्या उजव्या दंडाच्या मागे मी तो शिंपला बसवला आणि पट्टीने बांधला. म्हाताऱ्या हातांनी का होईना, जमलं. त्याला तिच्या आरशासमोर उभं केलं. तोच आरसा, ज्याच्यासमोर पेंटर तिला बसवायचे.

"काही दिसत नाही, मावशी."

"नाहीच दिसणार. हात खाली असताना ते मागे असतं, आणि उलटंही. आता केस विंचरायला नेतोस तसा हात डोक्याकडे ने."

त्याने हात वर नेला. दंड आरशाकडे वळला आणि बापाची अक्षरं त्याच्यासमोर उभी राहिली. सरळ, ताठ, काना-मात्रेसकट. बोटीवर भाच्याने ते हातात धरून फिरवून फिरवून वाचलं होतं आणि मी नुसता त्याचा कागद, म्हणून आम्हाला कळलं नव्हतं. ते लपवून लिहिलेलं नव्हतंच. ज्या सकाळी तिला स्वतःच्या हाताने केस विंचरायला लागतील, त्या सकाळसाठी ते लिहिलेलं होतं. पाचव्या दिवसासाठी. बंद दारामागे.

"म्हणजे बोटीवर यायच्या आधीपासून तिला..." भाचा म्हणाला. "तेव्हाच ओळखलं असेल तिने की मीच नेलं. मावशी, बावीस वर्षं. एकदाही नाही. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर."

"कशी ओरडेल? वाच ना तिसरी ओळ."

त्याने वाचली. हात तसाच वर, विरळ केसांपाशी धरलेला. खालून सुनेने चहाला हाक मारली, ती आम्हा दोघांनाही ऐकू आली, पण कुणीच उठलं नाही.

मग आरशातल्या आरशात माझ्याकडे बघत तो म्हणाला, "वेणी खरंच सैल घालायचे बाबा."

"फार सैल," मी म्हणाले. "चार दिवस टिकली ती एकच."